पुन्हा पहिल्यापासून

आमच्या खात्यात येणारी माणसं रेडिएशन म्हणत नाहीत, शेक म्हणतात. ‘शेकाला आलोय’, ‘अजून सात शेक राहिलेत’, ‘आईचा शेक किती वाजता?’ सुरुवातीला मी प्रत्येकाला दुरुस्त करायचे. शेक म्हणजे तव्यावर तापवलेल्या फडक्याचा, मिठाच्या पुरचुंडीचा. हे किरण आहेत, ते दिसत नाहीत, अंगाला गरम लागत नाहीत. माणसं मान डोलवायची आणि बाहेर जाऊन फोनवर सांगायची, ‘शेक झाला, निघालो.’ वर्षभरात मीच शेक म्हणायला लागले.

त्या शेकाचा आराखडा करणं हे माझं काम. गाठ कुठे आहे आणि तिथे किती किरण द्यायचे हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात. ते कोणत्या बाजूने, कोणत्या कोनातून पाठवायचे, वाटेतलं हृदय, फुप्फुस, मणका कसा चुकवायचा, हे मी संगणकावर बसून ठरवते. मी डॉक्टर नाही. फिजिक्स शिकलेली बाई दवाखान्यात नेमकं काय करते हे माझ्या सासरी अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही. एक चुलत सासूबाई दर लग्नात मला गाठून गुडघ्यावरचं औषध विचारतात. मी त्यांना दर वेळी चालत जा म्हणून सांगते.

आराखडा पडद्यावर असतो आणि माणूस टेबलावर. दोघांची गाठ घालून देतात त्या खुणा. स्कॅन करतानाच पेशंटच्या अंगावर तीन फुल्या काढतात, एक मध्ये आणि दोन कुशींना. रोज टेबलावर झोपवलं की भिंतींतून येणाऱ्या लाल रेषा त्या फुल्यांवर पाडायच्या. रेषा फुल्यांवर आल्या म्हणजे माणूस माझ्या आराखड्यातल्या जागी आला. काही ठिकाणी बारीक टिंब गोंदतात. आमच्याकडे मार्करने काढून वर पारदर्शक पट्टी लावतात, आणि ती महिना-सव्वा महिना सांभाळायची जबाबदारी पेशंटची.

म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक पेशंटला सांगायचं माझं एक वाक्य ठरलेलं होतं. ‘खुणा पुसल्या तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.’

हे खरं नव्हतं. खुणा पुसल्या तर एक फोटो काढून जागा तपासायची आणि नव्याने फुल्या काढायच्या, अर्ध्या तासाचं काम. पण माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका निवृत्त मास्तरांनी अंगावर काळं नको म्हणून फुल्या वजरीने घासून काढल्या, आणि वर मलाच स्वच्छतेवर भाषण दिलं. त्या दिवशी चिडून मी ते वाक्य तयार केलं. लागू पडलं. बायका महिनाभर अर्धं अंग कोरडं ठेवून आंघोळ करायला लागल्या. एक म्हातारबाबा तर फुलीवर घाम येऊ नये म्हणून दुपारभर पंख्याखाली हात वर करून बसायचे. मला त्या वाक्याचा अभिमान होता. शिकाऊ पोरींना मी ते असं शिकवायचे, जशी एखादी जुनी सुगरण फोडणी शिकवते.

माझ्यानंतर ते वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला माणूस म्हणजे आमचा टेक्निशियन. पेशंटला टेबलावर झोपवणं, रेषा जुळवणं आणि मशीन चालवणं हे त्याचं काम. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. आला तेव्हा मॅडम म्हणायचा, नंतर ताई म्हणायला लागला, आणि मी पहिल्यापासूनच अरे-तुरे करायचे. मी आत खुर्चीत बसून कोन ठरवते म्हणून मला म्हणायचा, ‘ताई, तुमचं बरंय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. इथं येऊन एकदा नव्वद किलोचा माणूस सरळ करून दाखवा.’ दुपारी साडेतीनला आमचा दोघांचा चहा माझ्या खोलीत. चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या घरची खीर मोठ्या डब्यातून यायची, आणि त्यातली अर्धी मी एकटी संपवायचे. अकरा वर्षं असं चाललं. रेषा जुळल्या असं त्याने म्हटलं की मी उठून बघायला जात नसे. आराखड्यावर मी दोनदा तीनदा शंका घेते, डॉक्टरांच्या मापावरही घेते. त्याच्यावर घेत नव्हते.

त्याच माणसाने माझा केसाने गळा कापला. हे मी रागात लिहीत नाही, राग येऊन गेला. पण दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

शेंद्र्याच्या एक मावशी होत्या. पंचावन्नच्या पुढच्या, शेतात राबलेल्या, बोलायला मोकळ्या. अर्धं रान औद्योगिक वसाहतीत गेलेलं, मुलगा तिथल्याच एका कंपनीत. डावा स्तन काढलेला होता आणि त्या जागेला पंचवीस शेक द्यायचे होते. डाव्या बाजूच्या आराखड्याला मी नेहमीच घाबरते, कारण बरगड्यांच्या मागे लगेच हृदय असतं. मावशींचं तर छातीला चिकटूनच होतं. त्याला चुकवता चुकवता माझे दोन दिवस गेले. शेवटी जमलं तेव्हा मी टेक्निशियनला बोलावून पडद्यावर दाखवलं, हे बघ, हृदयाची कड कशी बाहेर ठेवलीय, दोन बोटंसुद्धा इकडे-तिकडे चालायचं नाही. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, नाही होणार.

मावशींचे नऊ शेक झाले आणि दिवाळी आली. खातं दोन दिवस बंद. सगळ्या पेशंटना मी माझं वाक्य पुन्हा एकदा ऐकवलं आणि गुलमंडीवर आकाशकंदील घ्यायला गेले.

दिवाळीनंतर मावशींचे शेक पुढे सुरू झाले. दहावा, बारावा, पंधरावा. मी रोजच्या यादीत त्यांच्या नावापुढची खूण बघायचे आणि पुढचं काम करायचे. बावीस झाल्यावर एका सकाळी त्या बाहेरच्या बाकावर बसलेल्या दिसल्या. त्यांनी माझ्यासाठी पिशवीभर सीताफळं आणली होती. मी शेजारी बसले. तीनच राहिले आता, म्हटलं, खुणा मात्र छान सांभाळल्या तुम्ही.

‘कशाच्या सांभाळल्या बाई,’ मावशी हसल्या. ‘आता सरतच आलंय म्हनून सांगते. दिवाळीच्या आंघुळीला तेल-उटणं लावलं सुनंनं समद्या आंगाला, आन् समद्या गेल्या. मंग पोराच्या स्केचपेनानं तिनंच काढल्या परत. धा वेळा बघितलेल्या व्हत्या की तिनं. चार दिवस चाललं बी. पाचव्या दिवशी मशीनवरल्या भाऊंनी वळखलं. म्या हात जोडले, म्हनलं, मॅडमला सांगू नका, पहिल्यापासून करायला लावतील. लई चांगला मानूस. शब्द दिला त्यानं.’

सीताफळांची पिशवी मी बाकावर ठेवली की बरोबर घेऊन आले, मला आठवत नाही. खोलीत येऊन दार लावलं आणि मावशींची नोंद उघडली. आठवड्यातून एकदा मशीनवरच आतल्या हाडांचा फोटो काढतो, जागा तपासायला. दिवाळीनंतरच्या पहिल्या फोटोत सगळं जागच्या जागी होतं. मग मला आठवलं की काढून टाकलेले फोटोही मशीन ठेवून देतं, कुणी मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाहीत इतकंच. शोधला. त्याच दिवशी, सात मिनिटं आधी काढलेला एक फोटो होता. त्यात सगळा शेक दोन बोटं खाली सरकलेला.

म्हणजे त्याने बघितलं, त्याला कळलं, त्याने मावशींना सरकवून जागेवर आणलं, दुसरा फोटो काढला, पहिला लपवला, नव्या फुल्या काढल्या आणि आधीच्या चार दिवसांवर पाणी सोडलं. आणि त्या दिवशी साडेतीनला माझ्या खोलीत येऊन चहा प्यायला.

चूक सुनेची होती, आणि तीसुद्धा प्रेमाने केलेली. मला त्या चुकीचा राग नव्हता. ते चार दिवस जर मला त्याच दुपारी कळले असते, तर हिशेब करून पुढच्या शेकांत दुरुस्ती करता आली असती. आता तीन उरले होते. त्या चार दिवसांत वरच्या कडेला, जिथे गाठ परत उलटू शकते तिथे, शेक पोचलाच नव्हता. आणि खाली, ज्या हृदयाला चुकवायला मी दोन दिवस घालवले होते, त्याच्या कडेवरून तो चार वेळा गेला होता. किती गेला हे मला माहीत नव्हतं. आठ-नऊ वेळा त्याच्यासोबत चहा प्यायले होते मी मधल्या काळात. एकदा तर त्यानेच विचारलं होतं, मावशींचं हृदय अगदीच जवळ होतं का हो ताई? मी कौतुकाने सगळं परत समजावून सांगितलं होतं.

मी त्याला बोलावलं. तो आला, पडद्यावरचा फोटो बघितला आणि उभाच राहिला. मी बस म्हटलं नाही. मला वाटलं तो म्हणेल चुकलं. त्याने तेही म्हटलं, पण नंतर. आधी मी विचारलं की अकरा वर्षांत माझ्याशी खोटं बोलावंसं तुला कधीपासून वाटायला लागलं.

‘त्या नव्या पोरीचं आठवतं का तुम्हाला,’ तो म्हणाला. ‘उशी चुकीची लावली म्हणून स्वतः सांगायला आली होती.’

आठवत होतं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पेशंटच्या मानेखाली तिने चुकीची उशी दिली आणि लगेच येऊन मला सांगितलं. मी तिला पेशंट, नातेवाईक, झाडूवाली मावशी, सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. तोंडाचा पट्टा सुटला की मला थांबता येत नाही, हे माझ्या घरचेही सांगतात. महिन्याभरात ती नोकरी सोडून गेली. पण त्या उशीचा आणि याचा काय संबंध, असं मी त्याला ओरडून विचारलं.

‘मी तुमच्याकडे यायला निघालोच होतो, ताई. मावशी रडायला लागल्या. पहिल्यापासून करतील म्हणून. तसं काही नसतं हे मला माहीतच होतं. पण मॅडम तुम्हाला खोटं सांगतात असं मी पेशंटला कसं सांगू? ते एकदा कळलं तर उद्या तुमचं कुठलंच कोण ऐकेल?’

मी म्हटलं, म्हणजे आता माझ्यावरच ढकल. तो म्हणाला, ढकलत नाही, माझं चुकलं, मी दुसऱ्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. मग दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, मग तोंडच राहिलं नाही. मी त्याला जा म्हटलं.

दुपारभर मी हिशेब केला. सरकलेले चार आणि बरोबर पडलेले अठरा, दोन्ही एकमेकांवर ठेवून. हृदयाचा आकडा येईपर्यंत मी जागची हलले नाही. देवाची कृपा म्हणायची मला सवय नाही, त्या दिवशी म्हटलं. वाढला होता, पण मर्यादेच्या आत. वरच्या कडेला मात्र कमी पडलेलं भरून काढावं लागणार होतं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आकडे तपासले आणि त्या कडेपुरते तीन शेक वाढवले. मग म्हणाले, रीतसर अहवाल लिहा, दोघांच्या सह्या लागतील.

मावशींना सांगायला मीच गेले. मुलगा आणि सूनही होती. झालं ते सगळं सांगितलं, चार दिवस खुणा चुकल्या होत्या, हृदयाला थोडं जास्त गेलं पण घाबरण्यासारखं नाही, वर थोडं कमी पडलं म्हणून तीन वाढले. सून हुंदके देऊन रडायला लागली, मुलगा तिच्यावर डोळे वटारून बघत होता. मी त्याला म्हटलं, तिला काही बोलायचं नाही. मग मावशींनी विचारलं, ‘पहिल्यापासून नाय ना?’

नाही, म्हटलं, फक्त तीन.

‘आन् तवाच सांगितलं असतं तर?’

तर एकही नाही, म्हटलं. नुसत्या खुणा परत काढल्या असत्या.

‘मंग तसं काहून म्हनलात बाई?’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी इतक्या वर्षांत शेकड्यांनी माणसांना कोन, किरण, मर्यादा समजावल्या आहेत, पण या वेळी मी, पेशंट ऐकत नाहीत म्हणून, असं काहीतरी पुटपुटले. त्या मान डोलवून म्हणाल्या, आमी तर लई ऐकलं. आणि मग, भाऊंना काही करू नका.

अहवालाचा एक छापील नमुना असतो. काय घडलं, केव्हा कळलं, परिणाम काय, उपाय काय, आणि कारण. मी मुद्देसूद लिहिते, त्याबद्दल माझं नाव आहे. बाकीचे रकाने अर्ध्या तासात भरले. कारणापाशी थांबले. तिथे काय काय लिहायला हवं होतं हे मला पुरेपूर माहीत होतं. पण मी तेव्हा फसवली गेलेली बाई होते. अकरा वर्षांच्या चहाचा, खिरीचा, माझ्या आंधळ्या विश्वासाचा मला राग आलेला होता, आणि फसवलेल्या माणसाला एक सोय असते, त्याला स्वतःकडे बघावं लागत नाही. मी लिहिलं, ‘रुग्णाच्या नातेवाइकांनी खुणा परस्पर काढल्या. तंत्रज्ञाने चूक लक्षात आल्यावर हेतुपुरस्सर माहिती दडवली.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता.

त्या अहवालावरून त्याला मशीनवरून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. दोन महिने त्याने तिथे माणसांची नावं लिहून घेतली, मग राजीनामा देऊन दुसऱ्या शहरात गेला. मावशी बऱ्या आहेत, तपासणीला येतात, सीताफळांच्या दिवसांत सीताफळं आणतात, आणि दर वेळी विचारतात, भाऊ दिसत नाहीत? मी बदली झाली म्हणून सांगते. पहिल्या दिवशीचं माझं वाक्य आता बदललं आहे. खुणा पुसल्या तर लगेच सांगा, परत काढून देऊ, असं सांगते. पूर्वीपेक्षा जास्त जण पुसून येतात, आणि सगळे सांगतात.

त्याने मला फसवलं हे मी अजूनही मागे घेणार नाही. एका बाईच्या हृदयाचा प्रश्न होता आणि तो माझ्यासमोर बसून चहा पीत होता. पण आपलं ठेवायचं झाकून हा धडा त्याने माझ्याकडूनच घेतला होता, आणि आम्हा दोघांत झाकण्यात जास्त पक्का कोण, हे सहीच्या दिवशी कळलं.

अहवाल घेऊन मी त्याला बोलावलं तेव्हा साडेतीन वाजले होते. चहा मागवलेला नव्हता. तो त्याच्या नेहमीच्या खुर्चीत बसला, कागद दोनदा वाचला, आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून थांबला. खाली त्याच्यासाठी जागा होती, ‘संबंधिताचे म्हणणे’ अशी. चार ओळींची. तिथे तो काहीही लिहू शकला असता, आणि मावशींना विचारलं असतं तर त्यांनी दुजोरा दिला असता. उशी लावणाऱ्या पोरीलाही शोधता आलं असतं. त्याने पेन उघडलं. मी खिडकीकडे बघत राहिले.

‘सगळं बरोबर आहे, ताई,’ तो म्हणाला. ‘फक्त तुमचं वाक्य राहिलं.’

चारही ओळी त्याने कोऱ्या सोडल्या आणि खाली सही केली.